ब्लेन उत्तम, क्यूब नापास

सिन्नरकडच्या सिमेंट दळणाऱ्या एका ग्राइंडिंग युनिटच्या लॅबमध्ये मी लागले, तेव्हा माझं सगळं जग ब्लेनच्या आकड्याभोवती फिरायचं. ब्लेन म्हणजे एक किलो सिमेंटच्या कणांचं एकूण पृष्ठफळ. पीपीसीसाठी, म्हणजे क्लिंकर (भट्टीत भाजून निघालेले खडे) आणि वीज केंद्राची राख मिळून केलेल्या सिमेंटसाठी, आयएस १४८९ हे भारतीय मानक किमान ३०० चौरस मीटर मागतं, आमचं ३५० च्या आसपास असायचं. त्यामुळे तीन दिवसांचे क्यूब (सिमेंट आणि वाळूचे चाचणीचे ठोकळे) किमान लागणाऱ्या १६ मेगापास्कल दाबाच्या खालीच फुटायला लागले, तेव्हा मी आधी वाळूवर संशय घेतला आणि मग क्यूब भरणाऱ्या पोरावर. चाचणीसाठीच्या प्रमाणित एन्नोर वाळूचं नवं पोतं फोडून क्यूब स्वतः भरले. तरी तेच. (पोराला नंतर चहा पाजला.)

आमची मिल म्हणजे आत लोखंडी बॉल असलेलं, खोल्या पाडलेलं, फिरत फिरत माल दळणारं मोठं नळकांडं. तिच्यावरचे मामा म्हणाले, "ताई, पहिल्या खोलीचा आवाज दबलाय. पंधरा दिवस झाले." मी मान डोलावली आणि विसरले. आवाज रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहायचा?

शेवटी सिमेंट ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलं. एरवी १५ टक्क्यांच्या आत राहणारा चाळ (चाळणीवर उरलेला जाडा माल) वीसच्या वर गेला होता. आता हा जाडा माल राखेचा की क्लिंकरचा? चाळ वाळवून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला. क्लिंकर विरघळतं, राख बहुतेक तशीच राहते. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, पण बीकरमधला बराचसा माल विरघळून गेला आणि मला घाम फुटला. जाडं राहत होतं ते क्लिंकरच.

मग कोडं उलगडलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून बल्करने (टँकरने) येणारी राख मुळातच बारीक. क्लिंकरबरोबर एकाच मिलमध्ये घातली की मऊ राख आणखी बारीक होते आणि कठीण क्लिंकर निसटतं. ब्लेनच्या यंत्राला पृष्ठफळ कुणाचं हे कळत नाही, एकूण कळतं. पण तीन दिवसांची ताकद येते ती क्लिंकरमुळे. राखेला क्लिंकरमधून सुटणारा चुना लागतो आणि तिचं काम सावकाश चालतं. त्यातून आमचं राखेचं प्रमाण ३३ टक्के, ३५ च्या मर्यादेला जवळजवळ टेकलेलं.

मिल थांबवली. ती थंड होईपर्यंत, मग आत जायचं परमिट, मग ती चुकून चालू होऊ नये म्हणून कुलूप, यात अख्खा दिवस गेला. आत टॉर्च मारला तर पहिल्या खोलीत मोसंब्याएवढे टाकलेले बॉल झिजून लिंबाएवढे झालेले आणि डायफ्रॅमच्या (दोन खोल्यांमधल्या जाळीच्या भिंतीच्या) खाचांत फुटलेल्या बॉलचे तुकडे अडकलेले. क्लिंकरचे खडे तसेच पडून होते. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खाचा साफ केल्या, ९० मिलिमीटरचे नवे बॉल भरले, राख ३० टक्क्यांवर आणली. आता ती थेट सेपरेटरला (बारीक आणि जाडा माल वेगळा करणाऱ्या यंत्राला) देतो, म्हणजे आधीच बारीक असलेली परस्पर निघून जाते आणि जाडीच तेवढी मिलमध्ये येते. चाळ पुन्हा पंधराच्या आत आला, तीन दिवसांचे क्यूब २० च्या वर फुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन : "मॅडम, ब्लेन ३५० वरून ३३० वर कसा आला?"

मी त्यांना चाळणीचं रजिस्टर घेऊन भेटायला येते म्हटलं.