बोकड्या, गहू आणि बाटलीवरचे २८ दिवस

मार्चमध्ये गहू घरी आला की दाणा खाल्लेल्या बकऱ्यांचे फोन सुरू होतात. यवतमाळ जिल्ह्यातला हा त्यातलाच. बेरारी बोकड्या, दहा महिन्यांचा, वजन २२ किलो. रात्री दावं सुटलं आणि सकाळी पोतं फाटलेलं. मी कोठ्यात पोचलो तेव्हा पाचवीतली पोर त्याची मान मांडीवर घेऊन बसली होती.

डाव्या कुशीत मूठ दाबली. नुसता गॅस असता तर टिचकीला ढोलकीसारखं वाजलं असतं. इथं आत पाणी डचमळत होतं. रवंथ बंद, दात करकर, लेंड्यांऐवजी आंबूस वासाचं पातळ. नळीतून काढलेल्या थेंबानं पट्टीवर सामू (पीएच) ५ च्या खाली दाखवला. गव्हातल्या स्टार्चचं पोटात झपाट्यानं लॅक्टिक आम्ल होतं आणि ते रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं. म्हणून जनावर आतून डचमळतं, वरून डोळे खोल जातात.

घरच्यांनी ताक पाजून ठेवलं होतं. आंबटावर आंबट! तेही मान उंच धरून. असं पाजलेलं छातीत उतरलं तर न्युमोनियानंच जातं. म्हणून आधी छाती ऐकली. साफ होती.

"वाचते का नाही ते सांगा सायब. नाई त आताच कापतो, मटन तरी कामी येईन," बाप म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं, सहा-सात हजारांचा जीव. पण आम्लानं सोललेल्या पोटातून जंतू रक्तात आणि यकृतात उतरतात. असं मटण गावात वाटायचं नसतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तोंडात भोक पाडलेली लाकडी पट्टी, तिच्यातून मऊ नळी. दुसरं टोक पाण्यात बुडवून पाहिलं. श्वासाबरोबर बुडबुडे आले असते तर नळी फुफ्फुसात. आले नाहीत. २० ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे चार सपाट चमचे, अर्धा लिटर कोमट पाण्यात कालवून हळू सोडला. शिरेतून सलाईन, बी-१ जीवनसत्त्व, आणि लांब मुदतीचं अँटिबायोटिक, ऑक्सिटेट्रासायक्लिन. दाणा बंद, पाणी थोडं थोडं, समोर फक्त कोरडं कुटार.

चार वाजता तो उभा राहिला. मग मी बाटली बापाला दाखवली: या इंजेक्शनानंतर २८ दिवस मटण खायचं नाही, औषध अंगात राहते. त्यानं बोटं मोजली. कंदुरी, म्हणजे हाच बोकड्या कापून द्यायचं नवसाचं जेवण, बाविसाव्या दिवशी होती.

पोर आतापर्यंत गप्प होती. तिनं माझी बॅग धरली.

"डॉक्टरकाका, एक सुई अजून टोचून द्या ना. मोठी."

गरज नसताना अँटिबायोटिक देत नाही, म्हणालो. तिला ते पटलं नाही. चिठ्ठीवर तारीख मोठ्या अक्षरात लिहिली आणि कागद बापाऐवजी तिच्या हातात दिला.