पखवाजाची टिंग

गणपतीला आठवडा उरला असताना वाडीतल्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर आला. बुवांची तक्रार एकच: "पखवाज वाजलो की भोंग्यातसून टिंग टिंग येता. माईक काढून ठेवलंय तरी येता रे!"

माईक काढूनही येतंय म्हटल्यावर खोट डब्यातच. झाकण उघडलं, आवाज अर्ध्यावर ठेवला आणि सुक्या बांबूच्या काडीनं एकेका भागाला टिचकी मारत गेलो. माईकच्या पहिल्याच टप्प्यात एक नारिंगी सिरॅमिक डिस्क, म्हणजे टिकलीसारखा कंडेन्सर, होती. काडी लागली आणि स्पीकर बोलला, टिंग!

आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्यानं सिग्नलच्या वाटेत हाताला आली ती १०४ (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडची डिस्क) ठोकली होती. या जातीच्या सिरॅमिकला धक्का बसला की ते स्वतःच व्होल्टेज काढतं. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरचा खटका याच गुणावर चालतो. पखवाज आणि ॲम्प एकाच फळीवर, म्हणजे डिस्कचाच माईक झाला. शिवाय अंगावर डीसी व्होल्टेज आलं की तिची कपॅसिटी घटते. ०.१ मायक्रोफॅरडपुढे ४७ किलोओहमचा रोध असेल तर खालची कड, म्हणजे जिच्याखालचे आवाज दबतात ती, साधारण ३४ हर्ट्झ. कपॅसिटी निम्मी झाली तर ६८. पखवाजाची धुम् तिथंच मरते.

तिच्या जागी त्याच आकड्याचा पॉलिएस्टर फिल्म बसवला. काडी मारली, गप्प. पॉलिप्रॉपिलिन त्याहून सरस, पण अंगानं मोठा, त्या भोकांत बसेना. भजनाच्या भोंग्यातून ज्याला दोघांतला फरक कळेल त्यानं येऊन चहा प्यावा.

पैसे घातले ते सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिकवर, म्हणजे वीज सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर. २२०० मायक्रोफॅरडचा, ८५ अंशांपर्यंत चालणारा कंडेन्सर हीटसिंकला चिकटून टोपीवर फुगला होता. १०० हर्ट्झची भुणभुण त्याचीच. १०५ अंशांचा घेतला आणि दोन बोटं लांब बसवला, कारण १० अंश थंड राहिला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. खाऱ्या हवेनं पायांवर आलेला हिरवट थर जुन्या टूथब्रशनं, स्पिरिट लावून घासला.

डबा बंद करताना बुवांनी आत बोट दाखवलं. "आणि ती नारिंगी टिकली कित्याक ठेवलंस?"

ती सिग्नलच्या वाटेत नव्हती, आयसीच्या (चिपच्या) सप्लायच्या पायाशी होती. तिथं सिरॅमिकच हवा, म्हटलं. बुवांना अजून वाटतं मी कंटाळा केला.