तंद्री

परवा दुपारी जांभळी नाक्यावरून दोऱ्याची रिळं आणि अस्तराचं कापड घेऊन ठाण्याहून ट्रेन पकडली. दुपारची गाडी रिकामी, खिडकी मिळाली, ऐरोली काय लगेचच येतं, मध्ये फक्त ते नवीन दिघा गाव, तरी म्हटलं दहा मिनिटं तर दहा मिनिटं, पिशवीतून गोधडीचा अर्धवट तुकडा काढला आणि टाके घालायला लागले. मान वर केली तेव्हा गाडी कोपरखैरणेला उभी. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोली गेलं, मला काही म्हणजे काही कळलं नाही. उतरले, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेले, उलटी गाडी धरली, आणि खरं सांगते, आनंदाने डोळे भरून आले होते.

कारण गोधडी हातात येण्याआधी असं शेवटचं कधी झालं होतं ते मला पक्कं आठवतंय. दहा-अकरा वर्षांची असेन, दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते, आत स्टोव्हवर दूध होतं आणि आईने लक्ष ठेव म्हणून बजावलं होतं, ते उतू गेलं, करपलं, वास शेजारी गेला, तरी मी आपली ठिपके जोडतेय. "कुठे तंद्री लागली होती गं?" असं विचारत आईने पाठीत धपाटा घातला. आमच्याकडे तंद्री हा शब्द असाच यायचा, धपाट्याच्या आधी. मग हळूहळू तंद्री लागणं बंदच झालं. एक कान कायम दुधाकडे, कुकरच्या शिट्टीकडे, दारावरच्या बेलकडे, पुढे मुलीच्या रडण्याकडे, सासूबाईंच्या हाकेकडे. तो कान पुढे जवळपास पन्नास वर्षं ड्युटीवर होता.

आता मी ५९ वर्षांची आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ३३ वर्षं अकाउंट्समध्ये होते, दीड वर्षापूर्वी रिटायर झाले. त्याच्या थोडं आधी सासूबाई गेल्या. त्यांच्या कपाटात नऊवारी लुगडी होती, वापरून वापरून लोण्यासारखी मऊ झालेली, इरकली, साधी सुती, दोन-चार खणाच्या चोळ्या. एक दिवस खाली बोहारीण आली म्हणून ते गाठोडं मी काढलंसुद्धा, तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, भांडी काय करता घेऊन, ह्याची गोधडी व्हईल की." मावशी बीडकडच्या. त्यांनी गावाकडे किती गोधड्या शिवल्या ते त्यांनाही आठवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोधडी म्हणजे मुळात जुनेराचे थर. खाली एक अख्खं लुगडं, मध्ये दोन-तीन थर, वर तुकडे जोडून केलेलं किंवा अख्खंच कापड. सगळं जमिनीवर ताणून पसरायचं, हाताने सुरकुत्या काढत जायचं, मोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यायचं, आणि मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने गोल गोल आत यायचं, चौकोनात चौकोन चौकोनात चौकोन, दोन ओळींत बोटभर अंतर. मी अकाउंट्सवाली, मी हिशोब केला. दीड मीटर बाय दोन मीटर दहाची गोधडी, ओळींत दीड सेंटीमीटर अंतर, म्हणजे साधारण २१० मीटर शिवण. सेंटीमीटरला एक टाका धरला तर २१,००० टाके. मावशींना आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, मोजू नका, मोजलं की संपत नाही. बरोबर होतं त्यांचं.

पहिले दीड महिने तंद्री वगैरे काहीही लागली नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. बोटं टोचली, मान धरली, ओळ नागमोडी. मी सुई अंगठ्याने ढकलत होते. मावशी लादी पुसता पुसता थांबून म्हणाल्या, "सुई ढकलू नका, कापड सुईवर चढवा," आणि खाली बसून करून दाखवलं. डाव्या हाताने कापड खालीवर हलवायचं, उजवा हात जवळजवळ स्थिर, चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की मग अंगुस्तान लावलेल्या बोटाने सुई एकदम पुढे रेटायची. हे हाताला कळायला तीन आठवडे गेले. आणि ज्या दिवशी कळलं त्याच दुपारी, दोन वाजता बसलेली मी उठले तेव्हा हॉलमध्ये दिवा लावायची वेळ झाली होती. चहाची तल्लफ आली नाही, फोन बघितला नाही, पाय दुखतोय हेही उठल्यावर कळलं.

लेक पुण्याला असते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई याला फ्लो म्हणतात. मग मी वाचत बसले. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे मानसशास्त्रज्ञ होते (२०२१ मध्ये गेले), त्यांनी हा शब्द जगभर नेला. १९६०च्या दशकात शिकागोत चित्रकला शिकणाऱ्या मुलांचं ते निरीक्षण करत होते. चित्र चालू असताना ती मुलं भूक, थकवा, सगळं विसरायची, आणि चित्र पूर्ण झालं की त्यातला त्यांचा रस संपायचा. म्हणजे चित्र मिळावं म्हणून ती काढत नव्हती, काढण्यासाठी काढत होती. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं, कारण माझी पहिली गोधडी पूर्ण झाली त्या संध्याकाळी मी तिची घडी घातली, बेडवर ठेवली, आणि लगेच दुसरीचं कापड शोधायला माळ्यावर चढले होते. अहो विचारत होते, अगं जरा बघ तरी तिच्याकडे.

त्यांच्या म्हणण्यानुसार यासाठी काय लागतं? पुढे काय करायचंय ते स्पष्ट हवं, बरोबर होतंय की नाही ते जागच्या जागी कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या थोडंसं पुढचं हवं, फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर धास्ती. गोधडीत हे सगळं आयतं आहे. ओळ समोर आहे. टाका वाकडा पडला की त्याच क्षणी दिसतो. आणि कोपरा वळवणं, जिथे थर जाड होतात तिथे टाका बारीक ठेवणं, हे मला अजूनही नीट जमत नाही, त्यामुळे कंटाळा नाही.

पण त्यांचंच एक जास्त महत्त्वाचं काम मला नंतर सापडलं. त्यांनी लोकांकडे पेजर दिले, दिवसभरात केव्हाही ते वाजायचे, वाजले की आत्ता काय करताय आणि कसं वाटतंय ते लिहायचं. १९८९ मध्ये छापलेल्या त्यातल्या एका अभ्यासात दिसलं की लोकांना हा फ्लो फावल्या वेळेपेक्षा नोकरीवर असतानाच जास्त वेळा मिळत होता, आणि तरी कामावर असताना ते म्हणत होते की आपण दुसरीकडे कुठेतरी असतो तर बरं. मी दोन दिवस याचाच विचार करत होते. कारण मार्चएंड. रात्री आठ-आठ वाजेपर्यंत ट्रायल बॅलन्स जुळत नाहीये, कुठेतरी नव्वद रुपयांचा फरक येतोय, मी एकेक व्हाउचर मागे मागे जातेय, आजूबाजूचं सगळं पुसलं गेलंय, आणि मग तो नव्वदचा आकडा सापडतो. ती तंद्रीच होती! तेहतीस वर्षं दर मार्चमध्ये मला ती मिळत होती आणि मी तिला टेन्शन म्हणत होते. म्हणजे ती माझ्यातून गेली नव्हती. ऑफिसात मला कोणी उठवत नव्हतं, एवढाच फरक होता.

घरात उठवतात. आणि घरच्यांचं माझ्यावर प्रेम आहे, कोणी वाईट नाही, पण बाई हातात काहीतरी घेऊन बसलीये म्हणजे ती रिकामीच आहे असं सगळ्यांना मनापासून वाटतं. माझा टॉवेल कुठाय, इंटरकॉमवर वॉचमन, पार्सल आलंय, गॅस बंद केलास का. एकेक गोष्ट अर्ध्या मिनिटाची असते, पण परत ओळीत शिरायला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात पुढची हाक. उशिरा कला सापडली असं लोक म्हणतात ना, मला वाटतं बऱ्याच बायकांना ती आधीच सापडलेली असते, सलग दोन तास मात्र साठीच्या आसपास मिळतात. म्हणून मी घरात स्पष्ट सांगितलं, अडीच ते साडेचार मला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात जड गेलं सगळ्यांना. आता अहो स्वतः चहा करतात आणि माझा कप झाकण ठेवून माझ्या बाजूला ठेवून जातात, काही न बोलता. लग्नाला ३४ वर्षं झाली आमच्या, इतकं छान मला फार कमी वेळा वाटलंय.

डोळ्यांचं म्हणाल तर जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवणं हाच सगळ्यात मोठा अडथळा. म्हणून सकाळी उजेड चांगला असताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. मध्ये थांबावं लागत नाही.

आता रंगांबद्दल. पहिली गोधडी मी मावशी सांगतील तशी केली. दुसरीच्या वेळी जमिनीवर तुकडे मांडताना लक्षात आलं की मला मतं आहेत. डाळिंबीशेजारी मोरपंखी मला नको होता, सगळे म्हणाले छान दिसतंय, मला नकोच. ५९ वर्षांत मला रंगाबद्दल कोणी विचारलं नव्हतं, साडी घेतानासुद्धा "खुलून दिसेल" ते घ्यायचे. आणि इथे मी चार दिवस एका तुकड्यासाठी अडून बसले. आमच्याकडून ठाण्याची खाडी जवळ आहे, तो पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी असतात. ओहोटीला तो करडा, चकचकीत चिखल आणि त्यावर लांबच लांब अबोली रंगाची रेघ. मी अहोंचे ऑफिसचे जुने करडे शर्ट उसवले, सात-आठ वेगवेगळे करडे निघाले, आणि त्यात सासूबाईंच्या एका अबोली लुगड्याची एकच पट्टी आडवी घातली, मधोमध नाही, खालच्या बाजूला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुणी शिकवली?" कुणीच नाही.

याच गोधडीत मी एक मोठी चूक केली. मधल्या थरात एक पॉलिस्टरची साडी घातली, मऊ होती म्हणून. सुतीच्या मध्ये ती सरकत राहते, आठ फेऱ्या झाल्यावर मधे फुगा आला. आठही फेऱ्या उसवल्या. उसवताना एका ठिकाणी कापड फाटलं, त्यावर ठिगळ लावावं लागलं, आणि ते ठिगळ लपवायचं की दिसू द्यायचं यावर विचार करताना मला रवींद्रनाथ टागोर आठवले. ते हस्तलिखितात ज्या ओळी खोडायचे त्या खाडाखोडीला जोडून जोडून आकार करायचे, आणि त्यातूनच साठीनंतर त्यांची चित्रकला सुरू झाली, १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ते जवळपास ६९ वर्षांचे होते. मी ठिगळाला अबोलीच तुकडा लावला. कळपातून वेगळा पडलेला एक पक्षी दिसतो तो आता.

इंग्लंडमध्ये मेरी डेलनी म्हणून एक बाई होत्या, जन्म १७०० चा. दुसऱ्यांदा विधवा झाल्यावर काही वर्षांनी, १७७२ मध्ये, त्यांनी रंगीत कागद कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला घेतली, अगदी खऱ्यासारखी. नजर साथ देईनाशी झाली तेव्हा थांबल्या, तोपर्यंत ९८५ झाली होती, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. फोटो नक्की बघा. मला त्यातली फुलं आवडलीच, पण मी विचार करत राहते त्या दुपारींचा, ९८५ फुलांना किती दुपारी लागल्या असतील.

मावशींना मी मध्ये विचारलं, तुम्ही हल्ली स्वतःसाठी का नाही शिवत? त्या म्हणाल्या, चार घरं करून जीव राहत नाही, आणि खोलीत पसरायला जागा कुठाय. खरंच होतं, मला तोवर सुचलंही नव्हतं. मग ठरलं, रविवारी त्या आमच्याकडे येतात, कामाला नाही, शिवायला. सोफा भिंतीला सरकवून हॉलच्या एका बाजूला त्यांची, एका बाजूला माझी. त्यांच्या आईचं जांभळं लुगडं आहे, गावाहून आणलंय, नातीसाठी. दोन-दोन तास आम्ही एक शब्द बोलत नाही.

आज रविवारच आहे. कुकर सकाळीच लावून मोकळी झाले, दहा माझ्या आणि दहा त्यांच्या सुया ओवून ठेवल्यात. लिफ्टचा आवाज आला, बहुतेक त्याच.