वीरगळीखालचा खड्डा

माझे आजोळ पाटण तालुक्यातले. गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो असता, देवळामागे पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड) उपटून आडवी टाकलेली दिसली. गुप्तधनाच्या आशेने कोणीतरी रात्री तिच्या पायथ्याशी कमरेइतका खड्डा खणला होता. तळाशी कापलेले लिंबू आणि कुंकू पडले होते, आणि दोन तुकडे झालेल्या त्या शेवाळलेल्या दगडाची भंगलेली कड ताजी, निळसर काळी दिसत होती.

पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, अशी समजूत आमच्याकडे अजून आहे. परंतु ही ओढ केवळ आपलीच नाही. पोलंडमध्ये वाउब्झिख शहराजवळ नाझींची सोन्याने भरलेली आगगाडी पुरली आहे, असा दावा दोघांनी २०१५ साली केला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तपासणी करून गाडी नसल्याचे सांगितले, तरीही २०१६ च्या ऑगस्टमध्ये खोदकाम झालेच, आणि हाती काही लागले नाही.

युद्धातली लूट खोटी मुळीच नव्हती. १९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील मेर्कर्स येथील मिठाच्या खाणीत अमेरिकी सैन्याला सोन्याच्या हजारो थैल्या आणि चित्रे सापडली, तीही तेथील परिस्थिती जाणणाऱ्या स्त्रियांनी माहिती दिली म्हणून. ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील खाणीत ६,५०० हून अधिक चित्रे होती. याउलट पोलंडमधील क्राकूव्हच्या चार्तोरिस्की संग्रहातून १९३९ मध्ये नाझींनी नेलेले, इटालियन चित्रकार राफाएलचे तरुणाचे चित्र अजून परतलेले नाही. त्याच संग्रहातले लिओनार्दोचे चित्र मात्र १९४६ साली घरी आले. (त्याच महायुद्धात घरदार गमावलेले हजारो पोलिश लोक कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, म्हणून मला ही हानी परकी वाटत नाही.) आगगाडीच्या अफवेला जेवढी गर्दी जमते, तेवढी राफाएलच्या चित्राच्या शोधाला जमत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राफाएलच्या त्या चित्राची युद्धापूर्वीची छायाचित्रे तरी आहेत, त्यामुळे ते उद्या कोठे निघाले तर ओळखू येईल. आमच्या वीरगळीचे एकही छायाचित्र गावात कोणाकडे नव्हते. मामांनी दोन्ही तुकडे मंडपात आणून ठेवले आणि मी प्रत्येक पट्टीचे जवळून फोटो काढले: वर शिवपिंडी, मध्ये अप्सरा, खाली गाईंचा कळप आणि त्यांच्यासाठी लढणारा वीर. गाई शाबूत आहेत. वीराचा तलवारीचा हात गेला आहे.