खूण काय?

रात्रीचे साडेअकरा. तक्रारीचा फॉर्म अजून समोरच आहे.

नाव, फोन, तारीख लिहून झालं. ‘वस्तूचे वर्णन’ या रकान्यात ‘हाताने शिवलेली गोधडी, हिरवी’ एवढं झालं. त्याखाली ‘ओळखण्याची खूण’. तो रकाना दोन तास कोरा आहे.

गोधडी गेल्याचं दुःख एकीकडे. त्याबद्दल आज लिहायचं नाही, ताईशी फोनवर ते पुरेसं झालं. टोचतंय ते वेगळंच. इतकी वर्षं अंगावर घेतलेली वस्तू, आणि तिची एक खूण सांगता येऊ नये? वास सांगता येईल. पायांवर तिचं वजन कसं यायचं तेही सांगता येईल. पण शोधणाऱ्या माणसाला वास सांगून काय उपयोग, तो काही पोलिसांचा कुत्रा नव्हे.

‘हिरवी’ हे वर्णनच नव्हे. रंग ही सगळ्यात कच्ची खूण. पिवळ्या बल्बखाली निळं हिरवट दिसतं. उन्हात वाळणारी बाजू विटते आणि घडीच्या आतला भाग मूळ रंग धरून राहतो. शिवाय घडी घालताना नक्षीची बाजू बहुधा आत जाते, म्हणजे ज्याला ती सापडेल त्याला आधी दिसणार अस्तर. तेव्हा वर्णन अस्तरापासून सुरू करायला हवं: एकरंगी की छापील, एकसंध की दोन पाखं जोडलेलं, जोडाची शिवण मधोमध की एका बाजूला सरकलेली. अस्तर आठवतं का? नाही. अस्तर कोण बघतं?

मापाचंही तसंच. शिवताना घेतलेलं माप शोधात दिशाभूल करतं. सुती कापड आणि आत कापूस असेल तर पहिल्या काही धुण्यांत साधारण ३ ते ५ टक्के आटतं. २०० सेंटीमीटरची गोधडी १९० ते १९४ वर येते. टाके घट्ट असतील तर चुण्या पडून आणखी थोडी. म्हणून माप लिहिताना ‘धुतल्यानंतरचं’ हा शब्द हवाच, आणि चारही बाजूंचं वेगळं हवं. हातच्या कामात समोरासमोरच्या बाजू सहसा सारख्या नसतात. डावी १९३, उजवी १९० हा तिरकेपणाच तिला ढिगातून वेगळी काढतो.

आणि टाके. खरं तर ओळखच तिथे असते. वरच्या बाजूने मोजून इंचाला किती टाके. ओळींमधलं अंतर, एक बोट की दोन. ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातात की कडेकडेने फिरत मध्यात येऊन संपतात. दोरा एकेरी की दुहेरी. मध्येच दोरा संपला आणि हाताशी होता त्या दुसऱ्याच रंगाचा घेतला, ती जागा. गाठ ओढून थरांच्या आत लपवली आहे की मागे तशीच दिसते. काठाची पट्टी कोपऱ्यात तिरकी दुमडली आहे की एकीवर एक चढवली आहे, आणि तिची दोन टोकं कुठल्या बाजूला, कोपऱ्यापासून किती वितींवर जोडली आहेत. शिवणारी डावखुरी असेल तर काठ दुमडून घातलेल्या टाक्यांचा कल उलटा पडतो. (ती डावखुरी होती. हे मात्र माहीत आहे. हे लिहून ठेवते.)

त्याहून पक्की खूण म्हणजे दुरुस्ती. नक्षी सारखी असलेल्या दोन गोधड्या असू शकतात, पण एकाच जागी उसवून, वेगळ्याच कापडाचं ठिगळ लावलेल्या दोन नसतात. शाईचा डाग, इस्त्रीचा चटका, उलटा बसलेला एखादा चौकोन. थोडक्यात, जे बघून शिवणारी चरफडते ते सगळं फॉर्मच्या कामाचं.

हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्यांना सांगूनही झालंय. आणि स्वतःच्या गोधडीबद्दल लिहायला बसल्यावर ‘हिरवी’.

यासाठी आंतरराष्ट्रीय नमुनाही आहे. चोरीला गेलेल्या कलावस्तूंचं वर्णन जगभर एकाच पद्धतीने व्हावं म्हणून अमेरिकेतल्या गेटी या कलाक्षेत्रातल्या संस्थेच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ तयार झाला. प्रश्न साधेच: वस्तू कोणती, कशाची आणि कशी बनवलेली, माप, त्यावरची अक्षरं, वेगळं ओळखू येईल असं काय, कुणी बनवली, केव्हा. आणि फोटो. संग्रहालयांसाठी केलेला असला तरी घरच्या गोधडीला तंतोतंत बसतो. अट एकच, वस्तू जायच्या आधी भरायचा.

हॅरिएट पॉवर्सची आठवण येते आहे. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेली बाई. बायबलातल्या गोष्टींची तिची अकरा चौकटींची गोधडी १८८६ मध्ये जॉर्जियातल्या एका मेळ्यात मांडलेली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, हिने नाही म्हटलं. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा स्वतःच घेऊन गेली, १० डॉलर मागितले, ५ मिळाले. देताना तिने एकेक चौकट समजावून सांगितली आणि स्मिथने ते लिहून ठेवलं. नंतर ती गोधडी बघायला पुन्हा पुन्हा जात असे. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ही गोष्ट सांगताना सगळे त्या पाच डॉलरांवर थांबतात. मी आज त्या अकरा चौकटींवर थांबले आहे. तिच्या हातून गोधडी गेली, पण चौकटी तोंडपाठ होत्या.

असो. रडून रकाना भरत नाही.

फोटो. ‘गोधडीचा फोटो नाही’ असं सगळेच म्हणतात आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. गोधडीचा नसतो, तिच्यावर बसलेल्या माणसांचा असतो. बाळांचे फोटो, आजारपणातले, पलंगावर पसरलेल्या पाहुण्यांचे. ते नातेवाइकांकडून मागवायचे, पण साधे फॉरवर्ड नकोत, त्यात बारकावे पुसले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. छापील फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा स्कॅन करावा, ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके). मग चेहऱ्यांकडे न बघता कडेकडेने बघत जायचं. हे फार अवघड आहे. डोळा चेहऱ्यावरच जातो. मी शेवटी कागद कापून चेहरे झाकले.

फोटोतून मापही निघतं. शेजारी माहीत असलेल्या मापाची वस्तू हवी आणि ती गोधडीच्याच पातळीवर हवी: पलंगाची रुंदी, जमिनीवरची फरशी. मागच्या दाराशी तुलना केली तर माप फसतं, लांबची वस्तू लहान दिसते.

आता शोध कुठे घ्यायचा. मुद्दाम गोधडीच चोरणारा चोर क्वचित. चोरीला जाते बॅग, नाहीतर गाडी, आणि ती त्यात असते. चोराला ती नको असते, जागा अडवते. म्हणून पहिल्या काही तासांत जवळपासच्या कचराकुंड्या, झुडपं, जिन्याखालच्या जागा, कुंपणापलीकडचा भाग पायी बघायचा. पाऊस पडायच्या आत. भिजलेली गोधडी इतकी जड होते की उचलणारा ती कचरा समजूनच उचलतो.

लाँड्रीत गेली असेल तर ‘नाही सापडली’ या उत्तरावर परत यायचं नाही. तिथे वस्तू हरवत नाही, चिठ्ठी हरवते. मोठे कपडे एकत्र धुतले जातात, चिठ्ठी सुटते आणि बांधताना दुसऱ्याचा नंबर लागतो. त्या दोन-तीन दिवसांत ज्यांना मोठी पार्सलं गेली त्यांना लाँड्रीवाल्याने स्वतः फोन करून बांधलेली पार्सलं उघडायला लावायची. नावं आपल्याला देणार नाहीत, देऊही नयेत, पण फोन करू शकतात. पुष्कळ लोक धुऊन आलेलं पार्सल थंडीपर्यंत उघडतच नाहीत, त्यामुळे आपली गोधडी कुणाच्या तरी माळ्यावर सुखात असते.

हॉटेल आणि दवाखान्यांत ती पलंगावरून चादरींबरोबर ओढली जाते आणि पिशवीत कोंबली जाते. तिथे रिसेप्शनवर विचारून काही होत नाही. चादरी मोजणारा माणूस गाठायचा. धुणं बाहेर जात असेल तर तो धोबीखाना आणखी कुणाकुणाचं धुतो ते विचारायचं, कारण परकी वस्तू भलत्याच ठिकाणी परत जाऊ शकते. तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. चादरी फिरत राहतात.

घर बदलताना गेली असेल तर दोन शक्यता. काळ्या पिशवीत भरली असेल तर कचऱ्यात. नसेल तर सामानवाल्यांच्या टेम्पोत, त्यांच्या स्वतःच्या फाटक्या ब्लँकेटांच्या गठ्ठ्यात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या फ्रिजभोवती. त्यात त्यांचा तरी काय दोष. कपाटाची काच वाचवायला गोधडीसारखी वस्तू नाही. खरं तर या शक्यतेने आज पहिल्यांदा बरं वाटलं. कुणाच्या तरी फ्रिजला मिठी मारून प्रवास करते आहे. तिने आम्हाला सांभाळलं, फ्रिज काय.

कुरियरमध्ये खोक्यावरची पट्टी फाटते आणि वस्तू बेवारस होते. आत, गोधडीच्या घडीत नाव-फोनची चिठ्ठी असेल तरच परत यायची आशा.

ऑनलाइन शोधताना आपला शब्द विसरायचा. विकणाऱ्याला तो माहीत नसतो. ‘चादर’, ‘ब्लँकेट’, ‘क्विल्ट’, ‘थ्रो’, ‘विंटेज’, ‘हँडमेड’, चुकलेल्या स्पेलिंगसकट, आणि रंग बदलून बदलून. नुसत्या गोधड्या बघून भागत नाही, उशांचे अभ्रे, पिशव्या, जॅकेटंही बघायची, कारण कापूनही विकतात. (हे वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दे.) सापडलीच तर आधी स्क्रीनशॉट: विकणाऱ्याचं नाव, तारीख, जाहिरातीचा क्रमांक. त्याला ‘ही माझी आहे’ असं लगेच लिहायचं नाही. लिहिलं की जाहिरात गायब होते. पोलिसांकडे तक्रार क्रमांकासह जायचं. आणि तो चोर असेलच असं नाही, त्याने बाजारातून सरळ विकत घेतलेली असू शकते, म्हणून भाषा सांभाळायची.

‘सापडली आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतातच. त्यांच्यासाठी एक उपाय जुना आणि पक्का आहे. सगळ्यात चांगली खूण जाहीर पत्रकात द्यायचीच नाही. पोलिसांच्या फॉर्मवर द्यायची, पत्रकात गाळायची. फोन आला की तीच विचारायची. किंवा कागदावर आजची तारीख लिहून तो अस्तराच्या कोपऱ्यावर ठेवून फोटो मागायचा. ज्याच्याकडे वस्तूच नाही त्याचा फोन तिथेच बंद होतो.

लेबल लावलं असतं तर, हा विचार आज सात वेळा आला. सुती पट्टीवर न उडणाऱ्या शाईने नाव लिहून, इस्त्रीने पक्कं करून, थर जोडायच्या आधी अस्तरावर शिवायचं. मग त्यावरून टाके जातात, आणि लेबल उसवायचं तर टाके उसवावे लागतात. नंतर वरून चिकटवलेलं दोन मिनिटांत निघतं. ताईने हे मला तीनदा सांगितलं होतं. तिने आज फोनवर ते काढलं नाही, यात सगळं आलं.

पावणेदोन. चेहरे झाकलेल्या चौथ्या फोटोत, डाव्या कोपऱ्यापासून थोडं वर, एक खूण सापडली. एकच. पण अशी की दुसऱ्या कुठल्या गोधडीला असणं शक्य नाही. ती कशी झाली तेही आठवलं. हसू आलं, मग दुसरंही काही आलं.

रकाना भरला, मागच्या पानावर गेला.

मग पत्रक करायला घेतलं आणि लक्षात आलं की ती तिथे लिहिता येत नाही. इथेही नाही. पत्रकावर सकाळी छापायला जाणार ते असं: हाताने शिवलेली गोधडी. धुतल्यानंतर अंदाजे १९० सेंटीमीटर. टाके डावखुऱ्या हाताचे. रंग हिरवा.

ताई म्हणते, निळा.