‘काढूनच टाका’ म्हणणारी मी

मंगळवार, रात्र

ताईच्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे असा बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यात आधी मीच म्हणाले होते, "पूर्ण स्तन काढूनच टाकू या, नंतरची धास्ती नको." दुखणं ताईचं आणि निकाल देऊन मोकळी मी.

आज सर्जन बाईंनी कागदावर एक गोल काढला, आत ठिपका. ठिपक्याभोवती थोडी निरोगी कड घेऊन फक्त गाठ काढायची आणि मग रेडिएशन, नाहीतर सगळा स्तन काढायचा. ताईची गाठ दीड सेंटिमीटरची आणि एकच, म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या. बऱ्याच भागात पसरलेली असती किंवा तिथे आधी कधी रेडिएशन झालेलं असतं, तर बोलणं वेगळं झालं असतं.

"पण जिवाला धोका कशात कमी?" मी विचारलंच. म्हणाल्या, दोन्हींत सारखाच. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी या सर्जनांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या बायकांच्या आयुष्यात फरक पडला नव्हता. मात्र फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत १४ टक्के. म्हणजे स्तन राखायचा तर रेडिएशन चुकवायचं नाही. ताईने हे दोन आकडे तिच्या वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

घरी आल्यावर मी पुन्हा तोच विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "तुला भीती वाटते म्हणून मी काढून टाकू का गं?" मला रडूच आलं. स्वतःहून पूर्ण काढायचं ठरवणाऱ्या बायकाही असतात. रोज रेडिएशनला जाणं जमत नाही, किंवा मनाला तेच पटतं. तेही बरोबरच आहे. पण ते त्यांनी ठरवलेलं असतं, बहिणीने नाही.

शुक्रवार

ऑपरेशन झालं. कॅन्सर पसरलाय का ते पाहायला काखेतल्या लसिकाग्रंथी तपासतात; त्या सगळ्या काढल्या नाहीत. निळा रंग टोचून तो आधी कुठे पोचतो ते पाहिलं आणि तेवढ्या तीनच काढून तपासल्या. सगळ्या काढल्या की हात कायमचा सुजण्याची भीती जास्त असते. संध्याकाळी ताईला लघवी हिरवट-निळी झाली आणि मी घाबरून नर्सकडे धावले. "रंग बाहेर पडतोय, एक-दोन दिवसांत जाईल," त्या म्हणाल्या.

आता कडेचा रिपोर्ट यायचाय. कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर पुन्हा थोडं काढावं लागेल, हे ताईला माहीत आहे. उशीवर हात ठेवून झोपली आहे. मघाशी पट्टीवरून अलगद हात फिरवून म्हणाली, "आहे गं."