खाल्ल्या घरचे वासे

कॉम्प्युटरवर घर काढायला बसलं की भिंती चहा गार व्हायच्या आत उभ्या राहतात. दोन टोकं दाखवायची, जाडी सांगायची, उंची सांगायची, झालं. खिडकी उचलून ठेवली की भिंतीला आपोआप भोक पडतं. दार फक्त एवढंच विचारतं, आत उघडू की बाहेर? इथवर आलं की आपण उगाच बी.कॉम. केलं, आर्किटेक्चरलाच जायला हवं होतं, असं वाटायला लागतं. मग छप्पर येतं.

घरात तिरक्या म्हणाव्यात अशा गोष्टी दोनच, छप्पर आणि जिना. बाकी सगळा कारभार ओळंब्यातला आणि पाणसळीतला, म्हणजे सरळ उभा नाहीतर सरळ आडवा. पण घर काढताना जो वेळ जातो, त्यातले बारा आणे या दोघांच्या नावावर लागतात आणि उरलेल्या चार आण्यांत अख्खं घर होतं.

माझ्या वाट्याला आलेलं घर मामाचं. राजापूरकडचं, चिऱ्याच्या भिंतींचं, चौपाखी, म्हणजे छपराला चारी बाजूंनी उतरती पाखं असलेलं. वानरांनी कौलांचा पार भुगा केला होता आणि दर वर्षी शाकारणीला माणसं मिळेनात, म्हणून छप्पर उतरवून नव्याने घालायचं ठरलं. मामेभाऊ म्हणाला पत्रे टाकू, मामी म्हणाली माझ्या जिवंतपणी नाही. आधी कॉम्प्युटरवर काढून बघू या, असं मी म्हटलं तेव्हा मामा म्हणाला, "काढ गो. ते तरी गळणार नाही."

सुरुवात मी स्वीट होम थ्रीडीपासून केली. फुकट मिळतं आणि शिकायलाही सोपं. फ्रान्समधल्या एका प्रोग्रामरने केलेलं हे सॉफ्टवेअर मुळात घरातलं सामान मांडून बघण्यासाठी आहे. त्यामुळे त्यात जिना मिळतो तो सामानाच्या यादीत. सोफा घ्या, कपाट घ्या, जिना घ्या. उचलून खोलीत ठेवला की वरच्या मजल्याच्या जमिनीला तो स्वतःच्या मापाचं भगदाड पाडतो, हे मात्र फार शहाणपणाचं. छपरासाठी वेगळं बटण नाही. भिंतीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या उंच्या देऊन तिरकी भिंत करायची, तशा दोन जोडून त्रिकोण साधायचा, किंवा कोणीतरी लिहिलेलं प्लगइन जोडायचं. यात मला गैर काही वाटत नाही. माझा स्वतःचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, माझं छप्पर म्हणजे वरच्या जोश्यांची फरशी. आम्हा लोकांना सोफा कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न पडतो.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतली घरबांधणीची सॉफ्टवेअरं. तिथे भिंती पुऱ्या झाल्या की एका क्लिकसरशी छप्पर येऊन बसतं. उतार ती अंशांत विचारतात असं नाही, बारा इंच आडवं गेल्यावर किती इंच चढायचं असं विचारतात. बारास सहा, बारास आठ. कोकणात मंगलोरी कौलांना साधारण तीस अंशांचा उतार धरला तर तो बारास सातच्या जवळ जातो. हिशेब सोपा आहे आणि खरं तर आपल्या सुतारांनाही हाच कळतो. अंश सांगितले तर ते नुसते मान डोलावतात.

शेवटी मी स्केचअपवर येऊन थांबले. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका छोट्या कंपनीने ते आणलं, २००६ मध्ये गूगलने विकत घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबलने. मालक बदलले तरी त्याचा स्वभाव बदललेला नाही. घर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. त्याला फक्त कडा कळतात आणि पृष्ठं कळतात. पृष्ठ धरून ओढलं की त्याचा ठोकळा होतो, एवढ्या एका युक्तीवर सगळा खेळ. दुपाखी छप्पर तर यात गंमतच आहे, त्रिकोण काढायचा आणि घराच्या लांबीभर ओढत न्यायचा. चौपाखी म्हटल्यावर मात्र पदर खोचावा लागतो.

चौपाखी छपराची खरी गोम आहे कोनवाशात. दोन पाखं जिथे भेटतात तिथे घराच्या कोपऱ्यापासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या, टोकापर्यंत जाणारा तो लांब वासा. वरून पाहिलं तर तो बरोबर पंचेचाळीस अंशांत, कोपरा मधोमध कापत जातो. त्यामुळे तो जास्त अंतर चालून तेवढीच उंची गाठतो. पाखं तीस अंशांत असेल तर कोनवासा जेमतेम बावीस अंशांचा. त्यावर येऊन टेकणारे आखूड वासे तर आणखी मजेशीर. वाशांमध्ये दीड दीड फूट अंतर ठेवलं, तर प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा एक फूट पावणेनऊ इंचांनी आखूड होत जातो, आणि त्याचं टोक उभं आणि आडवं अशा दोन्ही अंगांनी तिरकं कापावं लागतं. पडद्यावर हे कापायला मला दोन वेळा चहा लागला. मामाच्या आज्याच्या काळी सुताराने ते गुण्या आणि वाकस घेऊन कापलं होतं, बहुधा पानाचा तोबरा भरलेला ठेवूनच.

मूळचे वासे किती, हे विचारायला फोन केला. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण इथे मोजल्याशिवाय इलाज नव्हता. मामा म्हणाला, "बघतो." तासाभराने मीच पुन्हा फोन केला तर मामी म्हणाली, "अगो, ते माजघरात चटई टाकून आडवे झालेत वासे मोजायला. घोरतायत." पुढे आकडा आला, त्यात दोन वाशांबद्दल वाद होता, कारण ते वाळवीने खाल्ले म्हणून मधे कधीतरी जोड देऊन घेतले होते. जोडवाशाला एक धरायचं की दोन? स्केचअपच्या लेखी दोन, मामीच्या लेखी एक. मी मामीचं ऐकलं.

वासे एकेक करून काढायचे नसतात. एक नीट काढायचा, त्याचा कंपोनंट करायचा आणि बाकीच्या सगळ्या त्याच्या नकला. मूळ वाशाची जाडी बदलली की सगळ्यांची बदलते. पण हे सगळं एका ग्रुपमध्ये बांधून ठेवायला हवं. उत्तरेची दिशा जुळवायला घर थोडं वळवलं आणि वासे ग्रुपबाहेर राहिले असतील, तर भिंती वळतात आणि वासे आपले जागच्या जागी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणणाऱ्यांनी ते सॉफ्टवेअर पाहिलेलं नव्हतं.

यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडला. मामाने टेप धरून मापं पाठवली, तर घर एका टोकाला वीस फूट रुंद आणि दुसऱ्या टोकाला सात इंचांनी कमी. जुन्या घरात हे चालतंच, काटकोन ही अलीकडची चैन. आता भूमितीचा पेच असा, की समोरासमोरच्या भिंती समांतर नसतील आणि दोन्ही पाखांना एकच उतार दिला, तर आढं एका बाजूला कलतं. आढं पाणसळीत ठेवलं तर पाखं पिळतं, त्याचे चार कोपरे एका पातळीत राहत नाहीत. स्केचअपला पिळलेलं पृष्ठ ही कल्पनाच मान्य नाही. ते पाखाच्या आरपार एक तिरकी रेघ मारून मोकळं होतं, कागदाला घडी पडावी तसं छप्पर मध्येच मोडतं. एकदा तर अशी घडी पडली की पावसाचं पाणी घरंगळून यायचं तर वळचणीचं आढ्याला जावं लागलं असतं.

आणि ते घर शंभराच्या वर पावसाळे उभं आहे. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो सगळा त्या पिळलेल्या पाखावरून खाली आला. कारण छप्पर मुळात एक पृष्ठ नाहीच. वासे, त्यांवर रिपा म्हणजे आडव्या बारीक पट्ट्या, रिपांवर मोकळी ठेवलेली कौलं. एकेक कौल शेजारच्याशी गुंतलेलं, पण खिळ्याने जखडलेलं नाही. प्रत्येक जण केसभर सरकतो आणि सात इंचांचा पीळ त्या हजारभर फटींत कुठल्या कुठे जिरून जातो.

कौलांचंही सांगायला हवं. मंगलोरी कौल म्हणजे आपलं अगदी घरचं वाटतं, पण त्याचा कारखाना मंगळूरला काढला तो बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थाने, १८६५ च्या सुमारास. त्याआधी कोकणात कुंभाराच्या हातची नळीची कौलं असत. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं आणि चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपराला चौदाशेच्या घरात कौलं, साडेतीन टन ओझं. एवढी कौलं खाचाखोचांसकट मॉडेलमध्ये ठेवली की माझा लॅपटॉप आधी पंखा सुरू करतो, मग अंग टाकतो. म्हणून पृष्ठावर नुसतं कौलांचं चित्र चिकटवायचं. तिथे एक खोडी आहे, प्रत्येक पाखावर चित्राची दिशा वेगळी जुळवावी लागते. ती चुकली तर तीन पाखांवर कौलं शहाण्यासारखी उतरतात आणि चौथ्यावर आडवी झोपतात. मामेभावाला मी तेच छप्पर पत्र्याचंही करून दाखवलं, त्याला एक क्लिक पुरला. त्या पत्र्यावरचा पावसाचा आवाज मात्र मॉडेलमध्ये येत नाही, नाहीतर मामीने तिथल्या तिथे निकाल लावला असता.

जिन्याचं गणित छपरापेक्षा सोपं, पण भांडणं जास्त. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेल या वास्तुविशारदाने एक सूत्र दिलं, पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं. आजच्या मापात ते सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी बसतं. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर. दुप्पट करून मिळवा, ६३० येतात. ब्लोंदेलसाहेब खूश.

आपल्याकडे या सूत्राच्या वर आणखी एक कलम असतं, पायऱ्या विषम हव्यात. उजवं पाऊल टाकून चढायचं आणि वर उजवंच पाऊल पोचायचं. पण मोजायचं काय? सॉफ्टवेअर उभ्या बाजू मोजतं, सुतार फळ्या मोजतो, आणि फळ्या नेहमी एकने कमी, कारण शेवटचं पाऊल वरच्या जमिनीवर पडतं. सतरा म्हणा नाहीतर सोळा, जिना तोच. ज्याला जे हवं ते त्याने मोजावं.

पुण्यातल्या बांधकामांवर दिसणारी एक गोष्ट कुठलंही मॉडेल आपणहून सांगत नाही. स्लॅब टाकताना मिस्त्री भिंतीवर सूत मारून सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या आखतो. मग खोलीत मसाला आणि फरशी मिळून दोन इंच चढतात, पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि मसाला मिळून समजा इंचभर. लगेच पहिली पायरी एका इंचाने ठेंगणी. पायांना हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो. चांगला मिस्त्री ते फरशीचं माप आधीच विचारून घेतो.

मामाच्या घरातला माळ्याचा जिना या सगळ्या शास्त्राला वळसा घालून वर जातो. माळा आठ फुटांवर, चढायला नऊ पावलं, म्हणजे एकेक पायरी पावणेअकरा इंचांच्या आसपास. फळी सहा इंची, टाच कायम बाहेर. चढ साठ अंशांचा. कोडप्रमाणे काढायचा तर तेरा चढ लागतात आणि जिना जवळपास दहा फूट लांब होतो. माजघर संपलं, पानं मांडायची कुठे? आत्ता तो चार फुटांत आटोपतो. शिवाय नऊ म्हणजे विषम, त्या परीक्षेत पास.

स्केचअपची नवी फाइल उघडली की मापाच्या अंदाजासाठी एक माणूस उभा केलेला असतो. मी त्याला उचलून जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवलं, तर त्याचं डोकं तुळईत आरपार. कोडला तिथे सव्वादोन मीटरच्या आसपास मोकळी उंची हवी असते. घरातली माणसं सातव्या पायरीला न सांगता वाकतात, अगदी अंधारात, हातात आमसुलांची बरणी असली तरी. नव्या जावयांना मात्र तुळई एकदा प्रसाद देते. जिना सुधारू का विचारलं तर मामा म्हणाला, "छपराचं बघ. जिन्याचं कोणी विचारलंय?"

छपराचं सगळं होऊन वाशांची यादी निघाली. अर्धं घर दहा फूट, वळचण दोन फूट बाहेर, आडवं अंतर बारा, तीस अंशांत वाशाची लांबी तेरा फूट सव्वादहा इंच. सात इंचांच्या त्या फरकापायी एका टोकाकडे तीच लांबी इंचाइंचाने उतरत गेलेली. प्रत्येक वाशाला नंबर, प्रत्येकाचं माप, मिलिमीटरमध्येसुद्धा. सुतार आले तेव्हा मामाच्या फोनवर मी त्यांना छप्पर सगळीकडून फिरवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं, कोनवाशापाशी थांबवायला सांगितलं, म्हणाले, "चांगलं केलंय, ताई. फक्त वासे सगळे पंधरा फुटी मागवा."

म्हटलं, "पण लांबी तर तेरा फूट सव्वादहा इंच आहे. त्या टोकाला तर त्याहून कमी."

"असू दे की. आढ्यावर टेकवून घेऊ, खालून एक सूत मारू आणि सगळे एकदम कापू. भिंत कुठे का जाईना."

"आणि उरलेले तुकडे?"

"मामांच्या बंबाला."